राखीव हशा

विनोदी सिनेमा नेमका कधी मेला, हे मामा ठामपणे सांगायचा. माणसं पडायची थांबली त्या दिवशी. हल्लीच्या सिनेमात नट घसरतो तेव्हा कॅमेरा भलतीकडेच बघत असतो. मग धपकन आवाज येतो, मग नटाची बायको तोंडावर हात ठेवते, मग शेजारी म्हणतो, "अरेरे, पडला वाटतं!" आणि एवढ्यानं भागत नाही म्हणून मागे कुणीतरी पिपाणी वाजवतं. ज्यांना विनोद कळला नाही त्यांना तो कळावा आणि ज्यांना कळला त्यांना पश्चात्ताप व्हावा, अशी ती योजना. शेवटी नावांच्या पाट्या सरकत असताना चित्रीकरणाच्या वेळी नटमंडळी स्वतःच कशी हसली ते दाखवतात. "अख्ख्या थेटरात हसणारे तेवढेच," मामा म्हणायचा, "आणि ते थेटरात नसतात."

पडणं बघायचं तर टीव्हीवर फुटबॉल बघावा, असं त्याचं मत झालं होतं. तिथे धडधाकट जवान माणूस दुसऱ्याचं कोपर लागलं-न लागलं की असा कोसळतो, जणू छपरावरून कुणी ढकललं. तीन कोलांट्या खातो, घोटा धरून विव्हळतो, बोटांच्या फटीतून पंचाकडे बघतो आणि शिट्टी वाजली नाही की उठून पळायला लागतो. हे सगळं अकरा कॅमेऱ्यांतून, संथ गतीनं, चार-चार वेळा. सोबत बोलायला दोन समालोचक. पहिला काय झालं ते सांगतो, दुसरा तेच हळहळत सांगतो. मामा त्यांचा आवाज बंद करून बघायचा. त्याच्या लेखी हा जगातला शेवटचा मूकपट होता.

अर्थात आवाज बंद करणं त्याला घरीच परवडायचं. नोकरीवर तो आवाज करायचा. मामा क्रीडावाहिनीत गर्दी वाजवत असे.

हे जरा नीट सांगायला हवं. मैदान होतं चाळीस हजार माणसांचं आणि सामन्याला यायची बाराशे. ती सगळी कॅमेऱ्यासमोरच्या एकाच गॅलरीत, एका रंगाचे शर्ट वाटून बसवलेली असत, म्हणजे टीव्हीवर मैदान फुललेलं दिसे. पण मोकळ्या मैदानात बाराशे माणसांचा आवाज बाराशे माणसांएवढाच येतो. म्हणून गॅलरीखालच्या एका खोलीत, काचेमागे, मामा कळांचा फळा घेऊन बसे. एक कळ दाबली की आरोळी, दुसरी दाबली की हळहळ, तिसरीला शिट्ट्या. तो आवाज टीव्हीवर जाई आणि मैदानातल्या भोंग्यांवरही. खेळाडूंनाही वाटायला हवं की आपल्याला बघायला कुणीतरी आलंय. हे बाहेर कुठे बोलायचं नाही अशा कागदावर मामाची सही होती. घरी त्यानं सांगितलं होतं, "आवाज तपासतो." त्याच्या धाकट्या बहिणीची समजूत होती की मामा माइक चालू आहेत की नाहीत ते बघतो. तिला ते काम मामाच्या प्रकृतीला साजेसं वाटे.

या फळ्यावर मामानं स्वतःची एक भर घातली होती. कॉलेजात असताना तो पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून विनोदी सिनेमांना जाई. सिनेमा नव्हे, थेटरातला हशा टिपायला. असे एकशेचाळीस हशे त्याच्याकडे होते, प्रत्येकावर चिठ्ठी: "शनिवार, तीनचा खेळ, निम्मं थेटर, पाचव्या रांगेत खोकला." मामानं लग्न केलं नव्हतं, पण संग्रह मात्र संसारासारखा जपला होता. दोन वर्षांपूर्वी एका सामन्यात कुणीतरी उगाच लोळण घेतली आणि मामानं सहज म्हणून एक मध्यम हशा सोडला. मैदानभर हशा पिकला. पडलेला खेळाडू लाजून उठला. कानातल्या यंत्रातून वरचा म्हणाला, "मामा, हे काय होतं? पुन्हा करा!"

वरचा म्हणजे प्रक्षेपणाचा दिग्दर्शक. त्याची खोली वरच्या मजल्यावर होती आणि तो कधी कुणाला दिसत नसे, फक्त कानात बोले. म्हणून सगळे त्याला वरचा म्हणत आणि मुकाट्यानं ऐकत.

तेव्हापासून हशा कायमचा झाला. कुणी खोटं पडलं की सगळं मैदान हसे. लोक म्हणू लागले, हे प्रेक्षक जाणकार आहेत. पंचांचाही कल बदलला. हजारो माणसं खो-खो हसत असताना 'याला खरंच लागलंय' म्हणायला फार मोठी छाती लागते, आणि तेवढ्या छातीची माणसं पंच होत नाहीत.

एक हशा मात्र मामानं कधी वापरला नव्हता. भरलेलं थेटर, सातशे माणसं, चाळीस सेकंद. आधी एका बाईचं हसणं, मग बाल्कनी, मग सगळंच. तसं हसणारी माणसं आता जन्माला येत नाहीत म्हणून तो राखीव होता.

आता भाचा. बहिणीचा एकुलता एक, वय एकोणीस, डाव्या बाजूनं पळणारा. मैदानावर त्याला भोवरा म्हणत, कारण तो पडताना अंगाभोवती पूर्ण गिरकी घेई. ती गिरकी मामानं शिकवली होती. वडील लवकर गेले. सायकल, पोहणं, दाढी हे सगळं मामाकडे आलं, आणि मामाला यातलं दाढीच काय ती येत होती. मग त्यानं जे येत होतं ते दिलं. गच्चीवर गादी टाकून तो पोराला पडायला शिकवायचा. "आधी आश्चर्य, मग गिरकी, मग वेदना. थेट वेदनेवर उडी मारलीस तर कुणी विश्वास ठेवणार नाही." पोरगं पुढे खरंच मोठ्या संघात गेलं. त्यात पायांचा वाटा किती आणि गादीचा किती, यावर घरात दोन मतं होती.

रविवारी दुपारी मामा बहिणीकडे जेवायला गेला, तेव्हा ती भांडी विसळता विसळता म्हणाली, "दादा, तो जिन्यात बसतो."

"कोण?"

"कोण म्हणजे? आपला. दुसऱ्या मजल्यावर आला की बसतो. विचारलं की म्हणतो, बुटाची नाडी बांधतोय. परवा पायात चपला होत्या."

मामा हसला. बहीण हसली नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची; एखादी बाटली हाताच्या अंतरावर धरून बघावी तशी ती माणसांकडे बघे.

"ओठ बघ त्याचे. शाई प्यायल्यासारखे दिसतात. रात्री उशा दोन घेतो आता. क्लबातली डॉक्टरची तपासणी दोनदा चुकवलीन. तू सांग त्याला, दादा. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. या शनिवारी खेळू नको म्हणावं."

"या शनिवारी निवड समिती येतेय, बाई."

"तेच तर."

भाचा आतून आला. "झालं सुरू? आई, मामाला सुखानं जेवू तरी दे."

"बस इथं," मामा म्हणाला. "काय होतं ते दाखव बघू. सांगू नको, दाखव."

भाच्यानं खुर्चीवर बसून उजवा हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि हळूच श्वास सोडला. मामानं मान तिरकी करून पाहिलं. एकोणीस वर्षं तो या पोराचं पडणं, रडणं, शाळा बुडवणं बघत होता.

"हात अगदी मधोमध ठेवलास. हृदय डावीकडे दाखवतात. आणि डोळे लवकर मिटलेस. आजारी माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणी बघतंय का."

"दादा!"

"अगं, घाबरलाय तो. नवा नट रंगमंचावर जायच्या आधी पोटात दुखतंय म्हणतो, तसं. शनिवार होऊ दे, सोमवारी मी स्वतः नेतो त्याला डॉक्टरकडे."

बहिणीनं हात पुसले. "तू नीट बघितलंस ना त्याला?"

"आयुष्यात दुसरं काय केलंय मी?" मामा म्हणाला. "नाटक आणि खरं यातलं कळतं मला."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तू म्हणतोस म्हणून."

मामाला सोडायला भाचा खाली आला. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि कठड्याला टेकून म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. तू सांगितलं की तिला पटतं." त्याच्या कपाळावर घाम होता. जिन्यात खरं तर गार होतं. मामाच्या मनात आलं, घाम आणणं सोपं नाही, पोरगं पुढे गेलंय.

बुधवारी त्याचं मन रमवायला मामा त्याला एका नव्या विनोदी सिनेमाला घेऊन गेला. थेटरात त्यांना धरून अकरा जण. पडद्यावर एका श्रीमंत बापाच्या दोन जुळ्या मुलांची अदलाबदल झाली होती आणि हे लोकांना कळावं म्हणून प्रत्येक पात्र दर पाच मिनिटांनी ते एकमेकांना सांगत होतं. मध्यंतरापर्यंत कुणी हसलं नाही. एकानं जांभई दिली ती सगळ्या थेटरात फिरली.

मध्यंतरानंतर भाचा पाणी आणायला उठला. रांगेतून बाहेर पडताना त्याचे गुडघे एकदम वाकले आणि तो दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत खाली सरकत गेला, खुंटीवरून कोट निसटावा तसा. पाण्याची रिकामी बाटली पायऱ्यांवरून टणटण करत थेट पडद्यापर्यंत गेली.

थेटर हसलं. नऊच्या नऊ माणसं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तर डोळे पुसू लागली. मामाला इतकं भरून आलं, की टेपरेकॉर्डर घरी राहिल्याची हळहळ त्याला आधी वाटली आणि हात द्यायचं नंतर सुचलं. तोवर भाचा आपला आपण उठून बसला होता.

"काय टायमिंग आहे रे!" मामा कुजबुजला.

"पाय घसरला," भाचा म्हणाला. पडद्याच्या उजेडात त्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. पण पडद्याच्या उजेडात सगळ्यांचेच तसे दिसतात. "मामा, मी शनिवारी..." तो थांबला.

"शनिवारी काय?"

"काही नाही. निवड समिती कुठे बसते?"

"मधल्या दाराच्या वर. डावीकडून पळालास की समोरच."

भाच्यानं मान हलवली. उरलेला सिनेमा त्यानं मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून पाहिला. लहानपणानंतर हे पहिल्यांदाच. मामा जराही हलला नाही. खांद्याला मुंग्या आल्या तरी.

शनिवारी चारला सामना सुरू झाला. ऊन होतं, वारा अजिबात नव्हता, आणि बाराशेऐवजी नऊशेच माणसं आली होती. वरचा कानात म्हणाला, "मामा, आज एक बोलून घेतो. तो भोवरा पडला की तुमचा हात जड होतो. बाकीच्यांना हशा आणि त्याला हळहळ? तीन सामने बघतोय मी."

भाचा आहे हे वरच्याला ठाऊक होतं.

"तुमच्या भावना समजतो. पण हे प्रेक्षक जाणकार आहेत असं आपण दोन वर्षं दाखवलंय. आज तो पडला तर हशा पाहिजे. नाहीतर माझ्याकडे दुसरा माणूस आहे."

"ठीक आहे," मामा म्हणाला.

पहिला अर्धा भाग भाचा पळाला, पण त्याचं पळणं मामाला रुचलं नाही. चेंडू गेला की तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहायचा. एकदा त्यानं ओळीपाशी जाऊन डोक्यावर पाणी ओतलं आणि बाटली परत देताना ती हवेतच सोडली. मामानं मनाशी नोंद केली: आश्चर्य बांधतोय. मोठ्या पडण्याची तयारी अशीच करतात. आधी अर्धा तास थकवा पेरायचा.

बहात्तराव्या मिनिटाला चेंडू डावीकडे आला. भाचा निघाला, थेट मधल्या दाराच्या समोरून. बचावपटू आडवा आला. दोघांच्या मध्ये सहज वीतभर अंतर असताना भाचा पडला.

गिरकी नव्हती. हातही पुढे आले नाहीत. उभं कपाट पुढे पडावं तसा तो सरळ तोंडावर पडला आणि तसाच राहिला.

मामाच्या अंगावर काटा आला. गादीवर शिकवलेलं सगळं पोरानं फेकून दिलं होतं. ना विव्हळणं, ना घोटा, ना बोटांच्या फटीतून बघणं. काहीच न करणं! हे धाडस मोठमोठ्यांना साठी उलटल्यावर येतं. आणि हे त्यानं निवड समितीच्या नाकासमोर केलं होतं.

"मामा," वरचा म्हणाला, "हशा."

द्यायचाच तर याला मध्यम हशा द्यायचा? मामानं फळ्याच्या कोपऱ्यातली, दोन वर्षांत एकदाही न दाबलेली कळ दाबली.

आधी ती बाई हसली. मग बाल्कनी. मग सातशे माणसं. भोंग्यांतून तो हशा मैदानावर कोसळला आणि गॅलरीतली नऊशे खरी माणसंही त्यात हसू लागली, कारण एवढी माणसं हसताना गप्प बसणं कठीण. बचावपटूनं दोन्ही हात वर करून 'मी शिवलोही नाही' असं दाखवलं आणि वर भाच्याच्या पडण्याची नक्कल केली. पंच सावकाश चालत आला. खाली बघत त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि पालथ्या पडलेल्या पाठीला दाखवलं. संघाचा डॉक्टर पेटी घेऊन ओळीवर उभा होता. पंचानं बोलावल्याशिवाय त्याला आत यायची मुभा नसते.

एक कॅमेरा गवताच्या पातळीवर होता. वरच्यानं त्याचं चित्र घेतलं आणि मामाच्या समोरचा पडदा भाच्याच्या चेहऱ्यानं भरला. एक गाल मातीत. तोंड किंचित उघडं. डोळा उघडा. गवताचं एक पातं वाकून त्या बुबुळाला टेकलं होतं.

पापणी हलली नाही.

मामानं हजारो नट पाहिले होते. मेल्याचं सोंग करणारे, गोळी लागलेले, विष घेतलेले. डोळ्याला गवत लागून पापणी न हलवणारा त्यानं एकही पाहिला नव्हता. तसा असू शकत नाही, हे त्याला ज्ञान म्हणून ठाऊक होतं.

त्यानं फळ्यावरची आवाजाची पट्टी खाली ओढली. हशा तुटला. तिसाव्या सेकंदाला.

"मामा, बंद का केलंत?"

"डॉक्टर," मामा म्हणाला. "डॉक्टरला आत सोडा. त्याला खरंच... अहो, त्याला आत सोडा!"

"माझ्या हातात आहे का ते? पंच बघतोय ना. अरे... थांबा."

गॅलरीतली माणसं अजून हसत होती, पण भोंगे थांबल्यावर ते हसणं उघडं पडलं आणि जागच्या जागी विरलं. पंचानं वाकून खांद्याला हात लावला. मग तो जोरजोरात दोन्ही हात हलवू लागला. डॉक्टर धावला. पडल्यापासून आत जाईपर्यंत किती वेळ गेला, हे पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सांगत होतं: बावन्न सेकंद.

त्यांनी त्याला उताणं केलं. शर्ट कापला. डॉक्टर दोन्ही तळव्यांनी छाती दाबू लागला, अगदी मधोमध. मामा काचेला टेकून उभा होता. दाराची मूठ त्यानं दोनदा फिरवली. सामना चालू असताना ते दार बाहेरून बंद असे, कुणी आत येऊन फळा बघू नये म्हणून. तशा कागदावरही त्याची सही होती.

"लांबचं चित्र घ्या," वरचा कॅमेरावाल्यांना सांगत होता. "चेहरा नको. गॅलरी द्या. रडणारं कुणी आहे का बघा."

खिशात फोन थरथरला. बहीण.

"दादा," ती म्हणाली. ती रडत नव्हती. रडण्याच्या अलीकडच्या त्या कोरड्या जागेवर होती. "टीव्हीवर दाखवत नाहीयेत. तू तिथेच आहेस ना? दिसतोय का तुला?"

"दिसतोय."

"काय करतायत?"

"डॉक्टर आहेत जवळ. चार-पाच जण आहेत."

"दादा, लोक हसत होते रे. तो पडला आणि सगळे हसले. कोण माणसं आहेत ही? एवढी माणसं, एकालाही वाटलं नाही? एक बाई तर आधी हसली. मी ऐकलं नीट. बाई होती."

ती बाई कधीची मेली असेल, असा विचार मामाच्या मनात आला आणि तो त्याला घालवता येईना.

"नाडी लागली म्हणतात," वरचा दुसऱ्या कानात म्हणाला. "शुद्ध नाही, पण लागली. रुग्णवाहिका दारातून आत येतेय. मामा, सगळं सुन्न पडलंय, हे बरं नाही दिसत. तो बाहेर जाताना टाळ्या हव्यात. हळू सुरू करा आणि वाढवत न्या."

"नाडी लागली," मामा फोनमध्ये म्हणाला. "लागली नाडी, बाई. नेतायत त्याला."

"शुद्धीवर आहे?"

"अजून नाही."

"मामा," वरचा म्हणाला, "टाळ्या."

खाली स्ट्रेचर उचललं गेलं. भाच्याचा एक हात बाहेर लोंबत होता, कुणीतरी तो उचलून आत ठेवला. मामानं कळ दाबली. शांत मैदानावर चार-दोन टाळ्या पडल्या, मग शंभर, मग पट्टी वर गेली तशा हजारो. टीव्हीवर चित्र सात सेकंद उशिरा जातं. मामा फोन कानाला लावून थांबला. बहिणीच्या घरातल्या टीव्हीतून, तिच्या श्वासामागून, त्याला त्याच्याच टाळ्या ऐकू येऊ लागल्या.

"ऐकतोयस?" ती म्हणाली आणि आता तिला रडू फुटलं. "टाळ्या वाजवतायत त्याच्यासाठी. सगळे. चांगलीही माणसं असतात रे दादा."

"हो," मामा म्हणाला.

"थोड्या अजून वाजवा," वरचा म्हणाला. "गाडी बाहेर पडेपर्यंत."